मजुरी बुडणाऱ्या बाईच्या सोयीनं: नाशिक जिल्ह्यात महिला मेळावा कसा उभारावा

मेळाव्याची पहिली चूक तारखेत होते. आम्हीही ती लागोपाठ दोन वर्षं केली. ८ मार्च जवळ आला की हॉल शोधा, बॅनर छापा, पाहुण्या ठरवा, अशी धावपळ सुरू व्हायची. त्याच वेळी दिंडोरी-निफाडच्या बागांत द्राक्षतोडणी जोरात असते, कांद्याच्या पट्ट्यात काढणी चाललेली असते. सुरगाणा-पेठकडच्या बाया टोळीनं तिथंच मजुरीला आलेल्या असतात. म्हणजे ज्यांच्या नावानं मेळावा, त्या बागेत. आणि सभागृहात शिक्षिका, दोन-चार माजी नगरसेविका आणि आम्ही. दुसऱ्या वर्षी एका मजूर मावशीनं सरळ विचारलं, "ताई, तुमच्या दिवसाला येते, पण माझा रोज कोण देईल?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एकच कसोटी लावतो. जिची मजुरी बुडणार आहे तिच्या सोयीनं सगळं ठरवायचं. तारीख, जागा, वेळ, जेवण, भाषा, ठराव, सगळं. पुढे लिहिलेल्या पायऱ्या त्याच हिशोबानं आहेत. तीनशेच्या आसपास बाया, एक दिवस, पाच-सहा तालुके, एवढा आवाका धरला आहे. पहिल्याच वेळी पंधराही तालुके गोळा करायच्या फंदात पडू नका.

आधी वस्ती

मेळाव्याआधी निदान दहा-बारा आठवडे वस्ती बैठका सुरू करा. एका बैठकीला पंधरा ते वीस बाया पुरे. शहरात अंबड-सातपूरच्या कामगार वस्त्यांत घरकाम करणाऱ्या बाया रात्री नऊनंतरच मोकळ्या होतात. दुपारी बैठक लावलीत तर म्हाताऱ्या आणि पोरं येतील. पाड्यावर अंगणवाडीचा ओटा बरा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला आधी भेटा, पण बैठक त्यांच्या नावावर बोलावू नका. नाहीतर गावाला वाटतं की लसीकरण आहे किंवा योजनेचे फॉर्म आहेत. २०२४ नंतर तर कुठल्याही बैठकीत पहिला प्रश्न लाडक्या बहिणीचाच येतो: हप्ता का थांबला, केवायसी कुठं करायची. त्यावर चिडू नका. माहिती असलेल्या एखादीला बाजूला बसवा, बैठक संपल्यावर ती सांगेल असं सुरुवातीलाच जाहीर करा, आणि पुढे चला.

"तुमच्या समस्या काय आहेत?" असं विचारायचं नाही. या प्रश्नाला पाठ उत्तरं येतात: पाणी, रस्ता, दारू. त्याऐवजी एकीला म्हणा, कालचा दिवस पहाटेपासून सांग. ती सांगत जाते तशा बाकीच्या मध्येच तोंड घालतात, आणि खरी गोष्ट तिथं निघते. बागेत दिवसभर लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाही. मजुरी मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. मालेगावात घरी बसून यंत्रमागाच्या कांड्या भरल्या, त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. येवल्यात पैठणीच्या मागावर दोघं बसतात, पण विणकर म्हणून नाव एकाचंच. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस आणि एप्रिलात हंडा घेऊन अर्धा डोंगर. हे सगळं तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. "स्वच्छताविषयक सुविधांचा अभाव" असं लिहिलंत की ती बाई त्या वाक्यातून गायब झाली.

मग निवड. चार-पाच विषयांची चित्रं कागदावर काढून जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीला मक्याचे तीन दाणे द्या. ज्या विषयाला महत्त्व द्यायचं तिथं दाणे ठेवायचे. तिन्ही एकाच चित्रावर ठेवले तरी चालेल. हात वर करायला लावलंत तर सगळ्या सरपंचाच्या बायकोकडे बघून हात वर करतात. एक जण दाणे ठेवताना बाकीच्यांना पाठ फिरवायला सांगा.

सगळ्या वस्त्यांचे दाणे मोजून दोन, फार तर तीन विषय मेळाव्याला घ्या. बाकीचे वहीत राहू द्या, ते वाया जात नाहीत.

तारीख

आमचं उत्तर ऐकून आमच्यातल्याच काहीजणींनी नाकं मुरडली होती: पितृपंधरवडा. कारण साधं आहे. पश्चिम पट्ट्यातली भाताची आवणी आटोपलेली असते, कापणीला अवकाश असतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी अजून सगळीकडे सुरू झालेली नसते. गणपती उठलेले असतात, नवरात्र लागायचं असतं. आणि लग्नं नसल्यामुळे मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. भाड्यात घासाघीस करता येते. पहिला आठवडा घ्या. नवमीपासून पुढे घरोघरी श्राद्धाचा स्वयंपाक असतो आणि सर्वपित्रीला तर कुठलीच बाई मोकळी नसते. सोयाबीन लवकर काढणीला येतं त्या भागातल्या बायांना मात्र विचारून घ्या.

शेतीच्या हिशोबानं तारीख काढणं नवं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा महाराष्ट्रभरातून बाया आल्या. अजून त्या भागातल्या म्हाताऱ्या "चांदवडला गेलो होतो" असं सांगतात आणि त्यांचा आवाज बदलतो. शेतातली बाई घराबाहेर कधी पडू शकते याचा अंदाज असल्याशिवाय एवढी गर्दी जमत नाही.

शिवाय हे तपासा: त्या त्या गावचा बाजारवार (नाशकात बुधवार टाळा), शुक्रवार आणि रमजान, शाळांच्या परीक्षा, निवडणुकीची आचारसंहिता. सिंहस्थाच्या काळात पंचवटी-त्र्यंबक भागात जागा, गाड्या आणि पोलीस, तिन्हीची ओढाताण असणार. त्या वर्षी मेळावा शहराबाहेर न्या.

ठरवणाऱ्या बाया कोण?

तयारी समितीत अकरा ते तेरा जणी. निम्म्याहून जास्त मजुरी करणाऱ्या हव्यात, नोकरीवाल्या आणि संस्थावाल्या कमी. प्रत्येक तालुक्याच्या दोघी घ्या, एकटी बाई बैठकीला यायला कचरते. आदिवासी, दलित, मुस्लिम, भटक्या समाजातल्या बाया "सोबत घ्यायच्या" म्हणून शेवटी जोडू नका. पहिल्या बैठकीला त्या नसतील तर ती बैठक पहिली धरू नका.

या जिल्ह्यात जातीचा विषय बाजूला ठेवून बायांचा मेळावा घेता येत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथं वर्षानुवर्षं लावून धरला, त्यात बायाही उतरल्या होत्या. पुढे १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यातच. हे भाषणात सांगणं सोपं आहे. अवघड आहे ते कामाची वाटणी करणं. एका वर्षी मेळावा संपल्यावर मी वळून पाहिलं, तर हॉल झाडणाऱ्या चौघीही एकाच समाजाच्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं होतं. तेव्हापासून झाडणं, वाढणं, खरकटं काढणं याच्या चिठ्ठ्या टाकतो आणि पाहुण्यांचंही नाव त्यात असतं.

समितीची बैठक दरवेळी नाशिकलाच घेऊ नका. एकदा पेठ, एकदा सिन्नर. बैठकीचं गाडीभाडं आणि बुडालेला रोज पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. फुकट येण्याला निष्ठा म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, ती पगारदारांना परवडते.

पैसा

सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे शक्य तिथं नेहमीच्या गाडीनं या. जिथं सकाळची गाडी नाही अशा पाड्यांपुरत्या जीपा करा. प्रत्येक तालुक्यातल्या एकीकडे सुटे पैसे आणि वही देऊन ठेवा, म्हणजे तिकीट काढायला कुणाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

दहा-दहा रुपयांची पावती पुस्तकं छापा. वस्तीतून मूठभर तांदूळ-डाळ गोळा करा. तीनशे जणींच्या खिचडीला तांदूळ-डाळ मिळून पस्तीस ते चाळीस किलो लागतं, आणि मूठमूठ करत ते खरंच जमतं. मूठ दिलेली बाई मेळाव्याला येते, कारण तिथं तिचा तांदूळ शिजणार असतो.

राजकीय माणसांचा पैसा घ्यावा का? माझं मत: नाही, गाड्यासुद्धा नाही. एकदा आम्ही बस "फक्त प्रवासापुरती" म्हणून घेतली. सकाळी बसवर फोटोचं फ्लेक्स, दुपारी साहेब मंचावर, पाऊण तास भाषण, आणि बाया बसमध्ये साड्या वाटल्या जातात का हे बघायला निघून गेल्या. हिशोब मेळाव्याच्या दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

जागा

हॉल बघायला जाताना संडास आधी बघा, मंच नंतर. पन्नास बायांमागे एक तरी संडास हवा, आत पाणी हवं, कडी लागायला हवी. पाळीच्या कपड्यासाठी झाकणाचा डबा ठेवा. एसटी स्टँडपासून चालत जाता आलं पाहिजे. त्यामुळे नाशकात सीबीएस, शालिमार, मुंबई नाका हा टापू बरा. गंगापूर रोडच्या पलीकडचा स्वस्त हॉल रिक्षाभाड्यात महाग पडतो. पायऱ्या किती आहेत, कुबडीवाली किंवा गुडघे धरलेली बाई चढेल का, हेही तेव्हाच पाहा. पाण्याचे वीस लिटरचे पन्नास जार सांगून ठेवा.

पाळणाघर वेगळ्या खोलीत, आणि ते सांभाळायला पुरुष. आमच्याकडे कॉलेजातली मुलं असतात. पहिल्या वर्षी दोन पोरं रडून रडून लाल झाली, तरी आयांना बोलवायचं नाही असं ठरलं होतं. अर्ध्या तासात शांत झाली. प्रत्येक मुलाच्या दंडावर आईचं नाव आणि गाव लिहिलेली पट्टी बांधा.

परवानगी

शहरात असाल तर हद्दीच्या पोलीस ठाण्यामार्फत आयुक्तालयाकडे, बाहेर असाल तर ग्रामीण पोलिसांकडे, निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या. आतल्या सभेलाही माहितीचं पत्र द्यावं. जमावबंदीचा आदेश, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७, पुष्कळदा लागू असतो आणि कुणीतरी ऐनवेळी तो काढून दाखवतो. लाऊडस्पीकरची परवानगी वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. गोल्फ क्लब मैदान किंवा भालेकर मैदानातून कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा असेल तर मार्ग अर्जातच लिहा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

तो दिवस

सुरगाणा नाशिकपासून नव्वदेक किलोमीटर, मालेगाव शंभरावर. तिथल्या बाया साडेदहाआधी पोहोचत नाहीत आणि साडेतीनला निघाल्या नाहीत तर अंधार पडतो. म्हणजे हातात पाच तास. त्यातला एक जेवणाचा. उरलेल्या चार तासांत दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मान्यवरांची मनोगतं बसवलीत तर बायांच्या वाट्याला आभारप्रदर्शन येतं.

आम्ही सुरुवात तालुक्यांच्या हजेरीनं करतो. "कळवण!" म्हटलं की कळवणच्या उभ्या राहतात, काय करतात ते एका वाक्यात सांगतात, किंवा ओवी म्हणतात. पंधरा मिनिटांत सभागृह त्यांचं होतं. हळदीकुंकू ठेवू नका. संक्रांतीच्या दिवसांत मेळावा असला की हा आग्रह हमखास होतो, "बाया त्या निमित्तानं येतात" म्हणून. येतात खऱ्या, पण विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाया दाराशी थांबतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं त्यावर परिपत्रक काढलं. परिपत्रकापेक्षा आपल्या दारातलं तबक काढणं जास्त उपयोगाचं.

मग गट पाडा, वीस-वीस जणींचे. गट तालुक्याप्रमाणे न पाडता कामाप्रमाणे पाडा: बागेतल्या एकत्र, घरकामवाल्या एकत्र, विडी आणि यंत्रमागवाल्या एकत्र. एरवी न भेटणाऱ्या बाया इथं भेटतात. भाषेकडे लक्ष द्या. बागलाण-मालेगावकडची अहिराणी, सुरगाण्याच्या कोकणा आदिवासींची कोकणी, मालेगावच्या मुस्लिम बायांची उर्दू, हे एका गटात आलं तर मध्ये सांगणारी बाई ठेवा. अहिराणी बोलणारीला "शुद्ध बोला" म्हणणारी कार्यकर्ती मी पाहिली आहे. ती बाई नंतर दिवसभर बोलली नाही.

माईकवर प्रत्येकीला तीन मिनिटं. पाहुणीलाही तीनच. घंटा वाजवायला दहावीतली एखादी मुलगी बसवा, तिला कुणाची भीड नसते.

एखादी बाई मोकळी झाली तर

होतेच. गटात बोलता बोलता मारहाण, सासऱ्याची नजर, मुकादमाचा हात, काहीतरी बाहेर येतं आणि सगळ्या गप्प होतात. त्या क्षणी तिला मंचावर नेऊ नका. माईक तर नकोच. फोटो आणि मोबाईल रेकॉर्डिंग गटात बंदच ठेवा. तिचं गाव लहान असतं आणि व्हिडिओ तिच्याआधी घरी पोहोचतो. शेजारी एक खोली, दोन खुर्च्या, पाणी आणि एक अनुभवी ताई एवढं आधीच तयार ठेवा. तिला काय हवं ते तिला ठरवू द्या. पुष्कळदा तिला फक्त सांगायचं असतं.

पण पुढं जायचं असेल तर ताईला या गोष्टी तोंडपाठ हव्यात. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळायला हवी. वकिलाला पैसे नाहीत, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. कामावरच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी, किंवा मालकच छळ करत असेल तेव्हा, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणारीलाही तो लागू आहे. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत, लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायची. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१.

ठराव असा लिहा

"शासनाने महिलांवरील अत्याचार थांबवावेत" हा ठराव लिहायला सोपा आणि विसरायलाही. आमच्या वहीत ठरावाला तीन रकाने असतात: काय हवं, कुठल्या टेबलावर, कोण जाणार. तिसऱ्या रकान्यात दोन नावं आली नाहीत तर ठराव होत नाही.

उदाहरण वनपट्ट्यांचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जवळजवळ एकशेऐंशी किलोमीटर चालत गेलेल्या लाँग मार्चमध्ये तळपाय सोललेल्या किती आदिवासी बाया होत्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. चालल्या त्या जमिनीसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. मग ठराव असा: आमच्या गावातल्या मिळालेल्या पट्ट्यांवर दोघांची नावं आहेत का, याची यादी माहिती अधिकारात मागवायची. अर्ज प्रांत कार्यालयात, फी दहा रुपये, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, उत्तर तीस दिवसांत. जाणार कोण, तर अमुक आणि तमुक. चांदवडनंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव बायकांच्या नावावर जमीन करायला लावली. तोही असाच सातबाऱ्याला भिडणारा होता.

दारूचा ठराव घेण्याआधी दारू कुठली ते विचारा. परवान्याचं दुकान असेल तर पंचवीस टक्के महिला मतदारांच्या मागणीवर मतदान लागतं, आणि बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी "आडवी बाटली"ला मत द्यावं लागतं. कामाला बाहेरगावी गेलेल्या बायाही त्या एकूणात मोजल्या जातात, म्हणून हंगामात मतदान लागलं तर जिंकलेली लढाई हरते. इथंही पुन्हा तारीखच. हातभट्टी असेल तर हे मतदान लागूच नाही. तिथं पोलीस आणि उत्पादन शुल्क विभाग.

परत गेल्यावर

पुढच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायला लावा. ती कायद्यात आहे, पण पुष्कळ गावांत ग्रामसेवक वही घरोघर फिरवून सह्या घेतात. मेळाव्याला आलेल्या पाच-सहा जणी मिळून आधी लेखी पत्र देऊन बसल्या तर सभा खरोखर होते. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते तिथंच वाचून घ्या आणि मगच सही करा. सरपंच बाई असेल आणि कारभार पती बघत असेल तर तिच्यावर टीका करण्यात वेळ घालवू नका. तिच्या शेजारची खुर्ची आधी तुमच्यापैकी एकीनं धरा.

तीन महिन्यांनी तीच वही घेऊन समिती पुन्हा बसते. तिसऱ्या रकान्यातल्या नावांना काय झालं ते विचारायचं, रागवायचं नाही. आमचे पहिल्या वर्षीचे नऊ ठराव होते, त्यातले दोन मार्गी लागले. दुसऱ्या खेपेला चारच घेतले.

ही बैठक नाशिकला ठेवू नका. मेळाव्याला सुरगाण्याच्या बाया नाशिकला आल्या होत्या, आता नाशिकच्या सुरगाण्याला जातील. संध्याकाळची परतीची गाडी लवकर सुटते, तेव्हा अंथरूण-पांघरूण सोबत न्या आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांच्यासाठी रेशन आधी पोहोचतं करा.